टोकनची तपासणी: नकार मानावा, होकार मानू नये

एखाद्या क्रिप्टो टोकनचा पत्ता तपासणीच्या संकेतस्थळावर चिकटवला की काही सेकंदांत हिरव्या-लाल खुणांचा अहवाल समोर येतो, आणि तो अहवाल हिरवा असेल तर पैसे घालण्यास हरकत नाही, असा समज वाचकांच्या प्रश्नांतून वारंवार डोकावतो. हा समज अर्धाच बरोबर आहे. अशा साधनाने लाल खूण दाखवली तर ती गंभीरपणे घ्यावी, कारण ती बहुतेक वेळा टोकनच्या संगणकीय करारात प्रत्यक्ष लिहिलेल्या एखाद्या ओळीवर आधारलेली असते; परंतु हिरवी खूण म्हणजे टोकन चांगले असल्याचे प्रमाणपत्र नव्हे, तर साधनाला जे शोधता येते त्यातले काही सापडले नाही, एवढाच तिचा अर्थ असतो.

मुंबई-गोवा महामार्गावरील गडब, कासू, वडखळपासून रोहा तालुक्यातील नागोठण्यापर्यंतच्या पट्ट्यात हा विवेक विशेष निकडीचा आहे. शेती, मासेमारी, डोलवीचा पोलाद कारखाना आणि नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प यांच्या आधारावर चालणाऱ्या घरांत एकरकमी पैसा येतो तो जमिनीच्या मोबदल्यातून किंवा निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या भविष्य निर्वाह निधीतून, म्हणजे आयुष्यात एकदाच. याच परिसरातील पेण अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१० मध्ये निर्बंध घातले, तेव्हा हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले आणि त्यांचा लढा वर्षानुवर्षे चालला. ती बँक परवानाधारक होती, तिच्यावर नियामक होता आणि ठेवींना विम्याचे संरक्षण होते. त्या काळी ती मर्यादा प्रत्येक ठेवीदारामागे एक लाख रुपये होती आणि फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख रुपये झाली. टोकनच्या बाबतीत यांपैकी काहीही नसते. ठेव विमा नाही, टोकन काढणाऱ्यावर परवान्याची सक्ती नाही आणि एकदा पाठवलेले टोकन परत बोलावण्याची सोयही नाही, म्हणून तपासणी पैसे पाठवण्यापूर्वीच व्हावी लागते.

पहिला प्रश्न: तपासण्याजोगे काही आहे का?

स्वयंचलित साधन तपासते ते सार्वजनिक ब्लॉकचेनवर, म्हणजे कोणालाही पाहता येईल अशा सामायिक नोंदवहीवर, लिहिलेल्या टोकनच्या कराराला. म्हणून कोणतेही साधन उघडण्यापूर्वी, हे टोकन कोणत्या ब्लॉकचेनवर आहे आणि त्याच्या कराराचा पत्ता काय, असे दोन प्रश्न ते सुचवणाऱ्या व्यक्तीला विचारावेत. ‘आमचे कॉइन सध्या ॲपमध्येच दिसते’, ‘लिस्टिंग पुढच्या महिन्यात आहे’, ‘पत्ता कंपनी देत नाही’ यांपैकी काहीही उत्तर आले तर तपासणी तेथेच संपते आणि व्यवहारही तेथेच संपवावा. ॲपच्या पडद्यावर वाढत जाणारा आकडा हा केवळ आकडा असतो. तो वाढवायला कंपनीला काहीच खर्च येत नाही.

वनकॉइन हे याचे सर्वांत मोठे उदाहरण. त्याला सार्वजनिक ब्लॉकचेन नव्हती, त्याचा भाव कंपनीच ठरवत असे, आणि तरीही जगभरातून त्यात सुमारे चार अब्ज डॉलर गोळा झाल्याचे अमेरिकी अभियोक्त्यांनी म्हटले आहे. हे प्रकरण दूर परदेशातले नाही: एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी वनकॉइनच्या प्रचारसभेवर कारवाई करून १८ जणांना अटक केली होती, आणि ते ठिकाण पेणपासून फार दूर नाही. वनकॉइनची संस्थापक रुजा इग्नातोवा ऑक्टोबर २०१७ पासून बेपत्ता असून जून २०२२ मध्ये तिचे नाव अमेरिकेच्या एफबीआयने दहा सर्वाधिक हव्या असलेल्या फरारींच्या यादीत घातले. आज उपलब्ध असलेले कोणतेही साधन त्या वेळी हाताशी असते, तरी त्यात चिकटवायला पत्ताच मिळाला नसता.

गेनबिटकॉइनचे प्रकरण याहून अधिक विचार करायला लावणारे आहे, कारण त्यात बिटकॉइन खरे होते आणि खोटे होते ते आश्वासन. २०१५ च्या सुमारास सुरू झालेल्या या योजनेत बिटकॉइन जमा केल्यास १८ महिने दरमहा १० टक्के परतावा मिळेल असे सांगितले गेले, नवे सभासद आणणाऱ्यांना दलाली मिळत गेली आणि पुढे परतावा बिटकॉइनमध्ये न देता एमकॅप नावाच्या कंपनीच्याच टोकनमध्ये दिला जाऊ लागला, ज्याची बाजारातील किंमत बिटकॉइनच्या मानाने अगदीच कमी होती. मुख्य आरोपी अमित भारद्वाज याला २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली आणि जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेल्यानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभरात ६० हून अधिक ठिकाणी जी झडतीसत्रे झाली, त्यांत पुणे, नांदेड आणि कोल्हापूर ही महाराष्ट्रातील शहरे होती. बिटकॉइनची तपासणी करून या फसवणुकीचा मागमूसही लागला नसता. ठरलेल्या दराने परतावा, माणसे जोडल्यास दलाली आणि काढताना वेगळेच टोकन हातात देणे, ही तीन लक्षणे ओळखायला संगणक लागत नाही. त्यांपैकी पहिली दोन एकत्र दिसली तरी पुढचे टप्पे करण्याची गरज उरत नाही.

पत्ता मिळवताना घ्यायची काळजी

टोकनचे नाव कोणालाही कोणतेही ठेवता येते, त्यामुळे एकाच नावाची अनेक टोकने एकाच वेळी फिरत असतात आणि खरी ओळख असते ती फक्त कराराच्या पत्त्याची. इथेरियम आणि बीएनबी या साखळ्यांवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, हा पत्ता शून्य-एक्स या खुणेने सुरू होणारा ४२ अक्षरांचा असतो. ट्रॉन आणि सोलाना यांचे पत्ते वेगळ्या घडणीचे असतात. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामच्या गटातून आलेला पत्ता तसाच न वापरता कॉइनगेकोसारख्या सूचीवर जाऊन तेथे दिलेल्या पत्त्याशी तो अक्षरशः जुळवून पाहावा. पहिली आणि शेवटची चार अक्षरे जुळली म्हणजे पत्ता जुळला असे मानू नये, कारण टोके सारखी दिसणारे पत्ते मुद्दाम तयार करता येतात आणि ही युक्ती सर्रास वापरली जाते. सूचीवर टोकन सापडले नाही तर ते नक्कीच खोटे ठरत नाही. मात्र त्याबद्दलची सगळी माहिती केवळ विकणाऱ्याकडूनच मिळते आहे, एवढे त्यातून कळते.

अहवाल कसा वाचावा

साधनांचे सर्वसाधारणपणे तीन गट पडतात. पहिला गट साखळीची नोंदवही दाखवणाऱ्या संकेतस्थळांचा असून इथेरियमसाठी इथरस्कॅन, बीएनबी साखळीसाठी बीएससीस्कॅन, सोलानासाठी सोलस्कॅन आणि ट्रॉनसाठी ट्रॉनस्कॅन ही त्यांतली परिचित नावे आहेत. दुसऱ्या गटात कराराचे परीक्षण करणारी साधने येतात: गोप्लस, टोकन स्निफर, हनीपॉट डॉट इज आणि सोलानासाठी रगचेक. तिसऱ्या गटातील बबलमॅप्ससारखी साधने कोणत्या पाकिटांचे, म्हणजे टोकने ठेवण्याच्या डिजिटल खात्यांचे, एकमेकांशी लागेबांधे आहेत ते चित्ररूपाने दाखवतात. दुसऱ्या गटातील साधने दोन प्रकारे काम करतात: एकतर कराराची भाषा वाचून त्यातील धोकादायक अधिकार शोधतात, किंवा साखळीच्या त्या क्षणाच्या प्रतिकृतीवर लटकी खरेदी आणि लटकी विक्री करून विक्री होते की नाही ते पाहतात. एकाच साधनावर न थांबता किमान दोन साधनांचे अहवाल घ्यावेत आणि गुणांकाकडे न पाहता ओळी वाचाव्यात, कारण शंभरपैकी अमुक गुण हा आकडा कोणती त्रुटी किती महत्त्वाची याचा निर्णय वाचकाच्या वतीने परस्पर घेऊन टाकतो.

अहवालातील पुढील ओळी निर्णायक असतात.

- हनीपॉट. जे टोकन विकत घेता येते पण विकता येत नाही, त्याला हे नाव आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस गाजलेल्या स्क्विड टोकनचा भाव १ नोव्हेंबरला २,८०० डॉलरच्या पुढे गेला आणि काही मिनिटांत जवळजवळ शून्यावर आला. भाव चढत असताना बहुतेक खरेदीदारांना ते विकताच येत नव्हते. विक्री अडलेली असली की भाव चढतच जातो, म्हणून निव्वळ चढता आलेख पाहून समाधान मानू नये. या ओळीवर लाल खूण आली तर पुढचे काही वाचण्याचे कारण नाही.
- खरेदी कर आणि विक्री कर. हा सरकारी कर नव्हे, तर प्रत्येक व्यवहारातून करारच कापून घेतो तो हिस्सा होय. विक्रीवरचा हिस्सा मोठा असेल, किंवा मालकाला तो हवा तेव्हा बदलता येतो असे अहवाल सांगत असेल, तर आज पाच टक्के दिसणारी कपात उद्या नव्व्याण्णव टक्के होऊ शकते.
- मिंट, म्हणजे नवी टोकने पाडण्याचा अधिकार. तो कोणाच्या हाती शिल्लक असेल तर ती व्यक्ती अमर्याद टोकने स्वतःच्या नावे पाडून बाजारात ओतू शकते.
- व्यवहार थांबवणे आणि काळी यादी. मालकाला सर्वांचे व्यवहार थांबवता येतात का, किंवा एखाद्याच पाकिटाला विक्री नाकारता येते का, हे या ओळीवरून कळते. सोलानावर याला जुळणारा अधिकार खाते गोठवण्याचा असतो.
- मालकी आणि प्रॉक्सी. मालकी सोडून दिली असे लिहिलेले असले, तरी छुपा मालक किंवा मालकी परत घेण्याची सोय ठेवली आहे का ते पाहावे. करार प्रॉक्सी स्वरूपाचा असेल तर त्याचा दर्शनी पत्ता तसाच ठेवून आतील मजकूर बदलता येतो, म्हणून आजच्या मजकुराची तपासणी उद्यासाठी लागू राहत नाही.
- करार उघड आहे का. मूळ मजकूर नोंदवहीच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करून पडताळलेला नसेल तर साधन बरेचसे अंदाजाने बोलत असते.

यानंतर येते ती तरलता, आणि येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. मध्यस्थाशिवाय चालणाऱ्या बाजारात टोकनची विक्री एखाद्या ग्राहकाला होत नाही; एका सामायिक साठ्यात नवे टोकन आणि यूएसडीटीसारखे डॉलरशी निगडित परिचित चलन असे दोन्ही ठेवलेले असते, विकणारा आपले टोकन त्यात टाकतो आणि दुसरे चलन उचलतो. हा साठा ज्याने भरला त्यालाच तो उपसताही येतो, आणि त्याने तो एका फटक्यात उपसला की उरलेल्यांच्या हाती टोकन राहते, पण त्या बदल्यात घ्यायला काहीच उरत नाही. यालाच रग पुल, म्हणजे पायाखालचे जाजम ओढून घेणे, असे म्हणतात. म्हणून साठ्यावरचा हक्क कुलूपबंद केला आहे का, कुलूप साठ्याच्या किती टक्क्यांवर आहे आणि ते कोणत्या तारखेला उघडणार आहे, या तीनही गोष्टी पाहाव्यात. ‘लिक्विडिटी लॉक आहे’ हे वाक्य साठ्याच्या पाच टक्क्यांना कुलूप लावूनही खरेच बोलता येते, आणि ते कुलूप पुढच्या आठवड्यात उघडणार असले तरीही.

धारकांची यादी ही शेवटची मोठी ओळ. सर्वांत मोठ्या दहा पाकिटांकडे किती टक्के टोकने आहेत हे पाहताना सामायिक साठा, नष्ट केलेली टोकने आणि विनिमय केंद्रांची, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपन्यांची, पाकिटे वगळावीत, आणि उरलेली पाकिटे खरोखर वेगवेगळ्या माणसांची आहेत का याचा शोध घ्यावा, कारण एकाच माणसाला शंभर पाकिटे उघडायला काही मिनिटे पुरतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष हाविएर मिलेई यांनी समाजमाध्यमावर उल्लेख केलेल्या लिब्रा टोकनमध्ये हेच घडले: टोकनचा मोठा हिस्सा परस्परांशी जोडलेल्या मोजक्या पाकिटांत होता, निर्मात्यांशी संबंधित पाकिटांनी सुमारे १० कोटी डॉलर काढून घेतले आणि काही तासांत भाव कोसळला. एका देशाच्या प्रमुखाचे नाव जोडले गेल्याने धोका घटला नाही, उलट त्यामुळे खरेदीदार वाढले.

हिरव्या खुणेच्या मर्यादा

साधनाची लटकी विक्री यशस्वी झाली याचा अर्थ ती त्या क्षणी यशस्वी झाली एवढाच असतो. विक्री बंद करण्याची कळ मालकाने नंतर दाबली तर सकाळचा हिरवा अहवाल संध्याकाळी निरुपयोगी ठरतो. शिवाय तयार साच्यातून टोकन काढून देणाऱ्या मंचांमुळे आता निर्दोष करार मिळवायला कौशल्य लागत नाही, आणि म्हणून मिंटचा अधिकार सोडलेले, करविरहित, विक्री होऊ देणारे टोकनही केवळ भाव फुगवून भोळ्या खरेदीदारांच्या गळ्यात मारण्यासाठी काढलेले असू शकते. तेथे फसवणूक कराराच्या मजकुरात नसून व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामच्या गटातील बोलण्यात असते, आणि साधन बोलणे वाचत नाही.

याउलट काही लाल खुणा फसव्याही असतात. यूएसडीटी या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या डॉलर-निगडित टोकनच्या करारात नवी टोकने पाडण्याचा आणि पाकीट गोठवण्याचा अधिकार निर्मात्या कंपनीकडे आहे, त्यामुळे साधन तेथेही इशारा देते. परंतु तो अधिकार जाहीर आहे, तो कोणाकडे आहे हे माहीत आहे आणि तपासयंत्रणांच्या विनंतीवरून तो वापरलाही जातो. तेव्हा प्रत्येक इशाऱ्यामागे, हा अधिकार कोणाच्या हाती आहे आणि त्या व्यक्तीला कोठे गाठता येईल, असा प्रश्न विचारावा. नावपत्ता नसलेल्या निर्मात्याच्या हातातील तोच अधिकार सर्वस्वी वेगळा असतो.

लेखापरीक्षणाची पीडीएफ पाठवली गेली तर ती परीक्षण करणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहे का आणि तिच्यात लिहिलेला कराराचा पत्ता आपल्याकडील पत्त्याशी जुळतो का, एवढे दोन मुद्दे पाहावेत. इतरांच्या नावाचे परीक्षण आपल्या टोकनला चिकटवणे अवघड नाही.

तपासणीच्या नावाखाली होणारी फसवणूक

तपासणीसाठी फक्त टोकनचा पत्ता चिकटवावा लागतो. पाकीट जोडावे लागत नाही. हा नियम लक्षात ठेवला तर बरेच नुकसान टळते, कारण शोधयंत्रातील जाहिरातींतून परिचित साधनांच्या हुबेहूब नकला समोर येतात, त्या ‘सखोल तपासणीसाठी पाकीट जोडा’ असे सांगतात आणि जोडणीच्या वेळी घेतलेल्या परवानगीने पाकीट रिकामे करतात. पाकीट उघडणारे १२ किंवा २४ गुप्त शब्द कोणत्याही साधनाला, मदतनिसाला किंवा फोनवरच्या अधिकाऱ्याला सांगू नयेत. पूर्वी दिलेल्या परवानग्या रिव्होक डॉट कॅशसारख्या सेवेवर पाहून रद्द करता येतात, मात्र त्यासाठी पाकीट जोडावेच लागत असल्याने ती जाहिरातीतून न उघडता तिचा पत्ता स्वतः टंकून उघडावी. पाकिटात आपोआप येऊन पडलेल्या अनोळखी टोकनला हात लावू नये. ते विकायला निघालेल्या माणसाला एखाद्या सापळ्याच्या संकेतस्थळावर नेणे, हाच त्याचा हेतू असतो.

तरीही व्यवहार करायचाच असेल तर

भारतात क्रिप्टोचा व्यवहार बेकायदा नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केली. परंतु क्रिप्टो हे कायदेशीर चलन नाही आणि बंदी उठणे म्हणजे सरकारची मान्यता मिळणे नव्हे. मार्च २०२३ पासून या क्षेत्रातील सेवा देणाऱ्या कंपन्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आल्या असून त्यांना केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते. ‘आमची कंपनी सरकारमान्य आहे’ असे कोणी सांगितले तर कोणत्या खात्याकडे, कोणत्या कामासाठी नोंदणी झाली आहे ते विचारावे. कंपनी कायद्याखालील नोंदणी किंवा जीएसटी क्रमांक म्हणजे लोकांचे पैसे गोळा करण्याचा परवाना नव्हे. नोंदणीकृत विनिमय केंद्रही चोरीपासून मुक्त नसते. वझीरएक्स या भारतीय विनिमय केंद्रातून जुलै २०२४ मध्ये सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली आणि तेथील ग्राहकांचे पैसे दीर्घकाळ अडकले.

विनिमय केंद्राबाहेर, एखाद्या अनोळखी व्यक्तीला थेट यूएसडीटी विकून बँक खात्यात रुपये घेण्याच्या पद्धतीत आणखी एक धोका आहे: समोरून आलेले रुपये दुसऱ्या कोणाच्या फसवणुकीतले असतील तर तक्रारीनंतर ते घेणाऱ्याचे खातेही गोठवले जाते, आणि त्यात पगार जमा होत असेल तर तो अडकतो. दलालीच्या आमिषाने स्वतःचे खाते किंवा एटीएम कार्ड दुसऱ्याला ‘वापरायला’ देणाऱ्या तरुणांवर तर थेट गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि नोकरीच्या शोधात असलेल्या मुलांच्या पालकांनी ही गोष्ट घरात स्पष्ट शब्दांत सांगावी.

कराबाबत एवढे पुरे: १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर उपकर लागतो, १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेतून एक टक्का करकपात होते आणि एका टोकनमधील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. नफ्यावरचा कर करदाता स्वतः आयकर खात्याकडे भरतो. त्यामुळे ‘तुमचे ४० लाख तयार आहेत, आधी ३० टक्के कर आमच्या खात्यात भरा, मग पैसे सोडतो’ असे सांगणारा माणूस फसवणूक करत आहे, याविषयी कोणतीही शंका बाळगू नये आणि आधी अडकलेले पैसे सुटतील या आशेने ती रक्कम उसनवारी करून भरू नये. सुरुवातीला दोन-पाच हजार रुपये सहज काढू दिले गेले, हाही विश्वासार्हतेचा पुरावा नव्हे; मोठी रक्कम यावी म्हणून केलेला तो खर्च असतो.

पैसे अडकले तर पहिल्या काही तासांत

१. ताबडतोब १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. यूपीआय किंवा बँकेतून गेलेले रुपये पुढच्या खात्यांत अजून शिल्लक असतील तर ते रोखून धरता येतात. एकदा त्यांचे क्रिप्टो झाले की काम फार अवघड होते, म्हणून तासांनाही किंमत असते.

२. आपल्या बँकेच्या शाखेलाही लेखी कळवून पोच घ्यावी. येथे एक भेद समजून घ्यावा: खातेदाराच्या नकळत झालेला व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास, आणि त्यात खातेदाराची चूक नसल्यास, त्याच्यावर भार पडू नये असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे, परंतु खातेदाराने फसून का होईना स्वतःच पाठवलेल्या पैशांना हे संरक्षण सहसा मिळत नाही.

३. पुरावे जपावेत: प्रत्येक बँक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, साखळीवरील व्यवहाराचा हॅश (ओळखक्रमांक), टोकन आणि पाकीट यांचे पत्ते, गटांतील संभाषण, फोन क्रमांक, सभेची छायाचित्रे, पावत्या. राग येऊन किंवा लाज वाटून गट सोडू नये आणि संभाषण पुसू नये, कारण समोरचे लोकही ते पुसत असतात.

४. टोकन अजून पाकिटात असेल आणि पाकिटाचे शब्द कोणाला सांगितले गेले असतील, तर उरलेली मालमत्ता नव्या शब्दांच्या नव्या पाकिटात हलवावी.

यूएसडीटी पळवले गेले असेल तर तक्रारीत ते ज्या पाकिटात गेले त्याचा पत्ता अवश्य द्यावा. अहवालातील काळ्या यादीची जी ओळ एरवी धोक्याची मानली जाते, तिच्याच बळावर पोलिसांच्या विनंतीवरून ती रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते.

तक्रारीचे हक्क

फसवणूक मुंबईतून झाली, ॲप परदेशातले होते, म्हणून येथे तक्रार घेता येणार नाही, असे उत्तर कायद्याला धरून नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात, हद्दीचा प्रश्न न काढता, नोंदवून घ्यावी लागते. ती ऑनलाइन दिल्यास तीन दिवसांत सही करावी लागते, आणि नोंदीची प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. नोंद नाकारली गेली तर माहिती लेखी स्वरूपात अलिबाग येथे जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी आणि तेथेही दाद न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत साहाय्य मागता येते, आणि स्त्रियांना तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना ते उत्पन्नाची अट न लावता मिळते.

ठरलेल्या परताव्याचे आश्वासन देऊन अनेकांकडून पैसे घेतले गेले असतील तर वैयक्तिक फसवणुकीच्या कलमांवर समाधान मानू नये. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणासाठी १९९९ चा कायदा आहे, जो एमपीआयडी या नावाने ओळखला जातो, आणि त्याखाली आरोपींची मालमत्ता जप्त करून विशेष न्यायालयामार्फत ठेवीदारांना पैसे परत देण्याची तरतूद आहे. केंद्राचा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा कायदाही आहे. ही कलमे लागतात की नाही हे पैसे कोणत्या शब्दांत मागितले गेले यावर अवलंबून असते, म्हणून तक्रारीत ‘दरमहा इतके टक्के देऊ’, ‘इतक्या महिन्यांत दुप्पट’ अशी मूळ वाक्ये जशीच्या तशी लिहावीत. एकेकट्याने जाण्यापेक्षा एका गावातील सर्वांनी आपापल्या रकमा, तारखा आणि पैसे कोणाच्या खात्यात गेले यांचा एकत्रित तक्ता करून जाणे तपासाला अधिक उपयोगी पडते. रिझर्व्ह बँकेच्या सचेत या संकेतस्थळावरही अशा योजनेची माहिती देता येते, आणि ती पैसे बुडण्याची वाट न पाहता, सभा सुरू असतानाच द्यावी.

तक्रारीनंतर काही दिवसांत ‘तुमचे क्रिप्टो शोधून परत मिळवून देतो, फक्त शुल्क भरा’ असे सांगणारे फोन येऊ लागतात. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात आणि दुसरी फसवणूक त्याच यादीवर होते. पाकिटाचे शब्द किंवा गुप्त किल्ल्या कोणत्याही खासगी तज्ज्ञाच्या स्वाधीन करू नयेत. गेनबिटकॉइनच्या तपासात साहाय्यासाठी घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच, जप्त क्रिप्टो स्वतःकडे वळवल्याच्या आरोपावरून, पुणे पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये अटक केली होती. पोलिसांकडे पाकिटाची माहिती द्यायची असेल तर ती लेखी द्यावी, त्या दिवशी पाकिटात नेमके काय आणि किती होते याची नोंद पंचनाम्यात करून घ्यावी आणि प्रत मागावी.

ज्यांनी स्वतः पैसे घातले आणि विश्वासाने मेहुणे, शेजारी, बचतगटातील बायका यांनाही जोडले, त्यांची कोंडी सर्वांत मोठी असते, कारण ते पीडितही असतात आणि खालच्या माणसांच्या दृष्टीने दोषीही. अशांनी गप्प राहण्याचा मार्ग धरू नये. योजना बंद पडल्याचे लक्षात येताच नवी जोडणी थांबवावी, मिळालेल्या दलालीचा हिशोब लपवून न ठेवता वकिलाच्या सल्ल्याने तो तक्रारीसोबत मांडावा आणि आपण जोडलेल्या प्रत्येकाला स्वतः जाऊन सांगावे, म्हणजे त्यांच्या खात्यांतून पुढचा हप्ता जाण्याआधी तो थांबेल.